ख्रिस्ती माणसाने बोलायचं कसं? मंडळीत नवीन आलेल्यांसाठी

बाप्तिस्मा झालाय, किंवा घ्यायचा विचार चाललाय, किंवा नुसतंच काही महिने रविवारी उपासनेला येऊन बसताय, तर तुम्हाला आत्तापर्यंत बरंच काही सांगून झालं असेल. रोज बायबल वाचा, प्रार्थना करा, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग द्या, प्रार्थना सभा चुकवू नका. बोलण्याबद्दल मात्र जवळ बसवून सहसा कुणी काही सांगत नाही. आणि मग होतं काय, की माणूस गाणी शिकतो, 'प्रेज द लॉर्ड' म्हणायला शिकतो, पण घरी सासूशी, ऑफिसात शिपायाशी आणि पाठीमागे मंडळीतल्या काकूंबद्दल जसा आधी बोलत होता तसाच बोलत राहतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण मंडळ्या शिकवणुकीवरून फुटतात त्यापेक्षा बोलण्यावरून जास्त फुटतात असं माझं मत आहे.

माझं म्हणणं मुळात एकच आहे, आधीच सांगून टाकते. ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याच्याशी बोला. खरं बोलणं आणि प्रेमाने बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक घेतली की दुसरी सोडावी लागते, असं लोकांना वाटतं, पण ते तसं बहुतेक वेळा तेव्हाच वाटतं जेव्हा आपण चुकीच्या माणसापाशी बोलत असतो. योग्य माणसासमोर बसलात की खरं सांगताना आवाज आपोआप खाली येतो, शब्द जपून येतात, कारण समोर त्याचे डोळे असतात.

आधी काय वाचायचं

सगळं बायबल एकदम नको. इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात २५ ते ३२ ही वचनं आठवडाभर रोज वाचा, मोठ्याने वाचा. त्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की लबाडी सोडा आणि शेजाऱ्याशी खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. हे कारण नीट लक्षात घ्या. खोटं बोललं तर पकडले जाऊ, म्हणून बोलू नका, असं तो म्हणत नाही. हाताने डोळ्याला फसवलं तर चालणार नाही, तसं हे आहे. मग २९व्या वचनात तो म्हणतो की तोंडातून सडकं काही निघू नये, ऐकणाऱ्याची उभारणी होईल आणि ज्याची गरज आहे तेच निघावं. म्हणजे बोलणं खरं आहे का एवढंच विचारून थांबायचं नाही, याला आत्ता याची गरज आहे का हेपण विचारायचं.

त्यानंतर याकोबाच्या पत्राचा ३रा अध्याय. जिभेबद्दल इतकं रोखठोक दुसरीकडे कुठे नाही, ज्या तोंडाने देवाची स्तुती करतो त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेच्या माणसांना शाप देतो, हे असं चालायचं नाही असं तो सरळ म्हणतो. आणि मत्तय १८:१५-१७, त्याकडे पुढे सविस्तर येतेच. नीतिसूत्रे रोज थोडी थोडी वाचत गेलात तर चांगलंच, १२वा, १५वा आणि १८वा अध्याय बोलण्याच्या बाबतीत फार कामाचे आहेत.

खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा तुम्हाला कुणी नववी म्हणून शिकवेल, कुणी आठवी म्हणून. गोंधळू नका, प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुतेक करून ती नववी आणि कॅथलिकांमध्ये आठवी, आज्ञा त्याच आहेत, मोजणी वेगळी. मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये साध्या घरच्या माणसांसाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली त्यात या आज्ञेचा अर्थ सांगताना तो खोटं बोलू नका एवढ्यावर थांबला नाही, शेजाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावा असंही त्याने त्यात घातलं. आणि कॅथलिक धर्मशिक्षणात खोटा आळ घेणं हे पाप आहेच, पण दुसऱ्याचा खरा असलेला दोष योग्य कारण नसताना ज्याला माहीत नाही त्याला सांगणं हेही पाप मानलंय. म्हणजे 'मी खोटं कुठे बोलतेय, खरंच तर आहे' हे उत्तर दोन्हीकडे चालत नाही.

पहिल्यांदा फक्त ऐका

याकोब १:१९ म्हणतो ऐकायला लवकर, बोलायला उशीर, रागवायला उशीर. नवीन माणसाला हे सोपं जायला हवं, पण उलट होतं, नवीन विश्वासात आलेला माणूस उत्साहात सगळ्यांना दुरुस्त करत सुटतो. पहिले काही आठवडे एकच करा. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. पूर्ण झालं की त्याने काय सांगितलं ते आपल्या शब्दात परत विचारा, 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की...'. नीतिसूत्रे १८:१३ मध्ये ऐकून घेण्याआधीच उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटलंय आणि त्याच अध्यायातलं १७वं वचन तर मंडळीच्या प्रत्येक कमिटीच्या खोलीत लावायला हवं, पहिल्यांदा जो बाजू मांडतो तो बरोबर वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत. एकाची बाजू ऐकून मत बनवू नका. बनलंच तर निदान बोलून दाखवू नका.

हो म्हणजे हो

डोंगरावरच्या प्रवचनात येशू शपथच घेऊ नका म्हणतो, तुमचं हो ते हो असावं आणि नाही ते नाही (मत्तय ५:३३-३७). आपल्याकडे दर चार वाक्यांनी 'आईशप्पथ', 'देवाशप्पथ' येतं, ते हळूहळू जाईल, त्याचं फार मनावर घेऊ नका. खरं काम वेगळं आहे. शपथ लागते कुणाला, ज्याच्या साध्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत त्याला. म्हणून साधं बोलणं दुरुस्त करायचं.

रोजच्या गोष्टी बघा. अजून घरातच आहात आणि फोनवर सांगताय 'निघालोय, पाच मिनिटात पोचतो'. दारात कुणीतरी पैसे मागायला आलंय आणि मुलाला सांगताय 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग'. ऑफिसला आजारी असल्याचा मेसेज टाकून लग्नाला गेलात. सोसायटीत कुणी मदत मागितली तर 'हो हो बघतो' आणि बघायचं मनातच नाही. यातलं एकही मोठं पाप वाटत नाही म्हणून तर ते टिकून राहतं. आणि त्या मुलाचा विचार करा, ज्या आईबाबांनी रविवारी बायबलशाळेत पाठवलं त्यांनीच सोमवारी दारात उभं करून खोटं बोलायला लावलं.

करायचं काय, तर सोपी खरी वाक्यं आधीच तयार ठेवायची. 'मला अजून अर्धा तास लागेल.' 'आज पैसे नाहीत, दहा तारखेला देईन, आणि नाही जमलं तर मी स्वतः फोन करेन.' 'मला नाही जमणार, सॉरी.' हे शेवटचं वाक्य मराठी माणसाला फार जड जातं, आपण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतो आणि मग ऐनवेळी फोन उचलत नाही, त्याने त्याला दुप्पट वाईट वाटतं.

मंडळीतलं एक खास वाक्य आहे, 'मी प्रार्थना करते हं तुमच्यासाठी'. म्हटलं की करायचीच. विसरायला होतं ना, मग तिथेच करा, चर्चच्या पायऱ्यांवर, बसस्टॉपवर, दोन वाक्यांची, त्यांना विचारून. नाहीतर ते वाक्य म्हणूच नका, त्याऐवजी 'कसं चाललंय ते मला कळवा' म्हणा.

आणि एक गोष्ट नवीन लोकांना मुद्दाम सांगते, खरं बोलायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही. मंडळीत प्रेमाने चौकशी करणारे खूप असतात, लग्न का नाही झालं, पगार किती, मूल कधी, आधी कोणत्या देवाचं करत होता. 'मला त्याबद्दल आत्ता बोलायचं नाहीये, काकू' हे पूर्ण खरं आणि पूर्ण ख्रिस्ती उत्तर आहे. खोटं कारण रचायची काही गरज नाही.

ज्याचं त्याच्याशी

आता मुख्य गोष्ट. मत्तय १८:१५ मध्ये येशूने पायऱ्याच दिल्यात. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, तू आणि तो दोघंच असताना त्याला दाखव. ऐकलं तर भाऊ मिळवलास. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घे. तरी नाही तर मंडळीला सांग. क्रम बघा. आपण काय करतो, तर आधी मंडळीला सांगतो, मग एक-दोघांना, आणि त्या भावाला सगळ्यात शेवटी कळतं, तेही तिसऱ्याकडून.

बायबलमध्ये हे करून दाखवलेले लोक आहेत. दावीद राजाने आपला सैनिक उरिया याच्या बायकोशी व्यभिचार केला आणि उरियाला लढाईत मारवलं, त्यानंतर नाथान संदेष्टा गावभर सांगत फिरला नाही, तो राजाकडेच गेला, गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली आणि मग तोंडावर म्हणाला, तो माणूस तूच (२ शमुवेल १२). राजासमोर हे बोलायला किती धीर लागला असेल. दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं कारण ते आपल्यासारख्या साध्या लोकांचं आहे. इफिस शहरात अपुल्लो नावाचा मोठा विद्वान वक्ता सभास्थानात शिकवत होता, पण त्याला येशूच्या आधी आलेल्या योहानाचा पश्चात्तापाचा बाप्तिस्मा तेवढाच माहीत होता, शिकवण अर्धीच होती. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या नवराबायकोने ते ऐकलं. भर सभेत उभं राहून चूक काढली नाही, आणि घरी जाऊन 'काय हा उपदेशक' असंही केलं नाही, त्याला आपल्याकडे बोलावून नीट समजावून सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६). आणि पुढे हाच अपुल्लो मोठ्या कामाचा झाला.

आता प्रत्यक्षात कसं करायचं. समजा मीटिंगमध्ये कुणी काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या की सहलीचा हिशोब तुम्ही दिला नाही, आणि तुम्ही तर दिला होता.

त्याच दिवशी रागात फोन करू नका, पण आठवडेही जाऊ देऊ नका. सूर्य मावळायच्या आत राग सोडा हे इफिस ४:२६ आहेच, राग सोडणं आणि बोलणं एकाच दिवशी झालं पाहिजे असं नाही. आधी स्वतःला विचारा माझं काही चुकलं का, येशूने कुसळ आणि मुसळाचं सांगितलंय ते इथेच लागू होतं. मग वेळ मागा, मेसेजवर भांडण नको, मेसेजवर फक्त वेळ मागायची. 'काकू, तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचं होतं, उपासनेनंतर थांबाल का, की मी घरी येऊ?' भेटल्यावर काय झालं तेवढंच सांगा, त्यांच्या स्वभावावर जाऊ नका. 'काकू, रविवारी तुम्ही म्हणालात की मी हिशोब दिला नाही. मी शुक्रवारीच वही खजिनदारांकडे दिली होती. तुम्हाला कदाचित माहीत नसेल. पण सगळ्यांसमोर झालं त्यामुळे मला फार लागलं.' एवढंच आणि मग गप्प. 'तुम्ही नेहमीच असं करता' हे वाक्य गिळून टाका, नेहमीच कुणीच काही करत नाही म्हणून ते खोटंपण असतं. आणि त्यांचं ऐका, कदाचित त्या म्हणतील 'अगं मला खरंच कुणी सांगितलं नाही', बहुतेक वेळा तिथेच संपतं.

नाहीच संपलं तर एक-दोन जण बरोबर घ्या, पण आपल्या बाजूचे नव्हे, दोघांनाही जे बरे वाटतात असे, कारण ते दबाव आणायला नसतात, नीट ऐकायला असतात. त्यानंतर पाळकसाहेब किंवा कमिटी.

आणि तुम्ही तिसरे माणूस असाल तर? म्हणजे कुणीतरी तुमच्याकडे येऊन त्या काकूंबद्दल सुरू झालंय. हे सगळ्यात जास्त वेळा होतं. तुटक वागू नका, माणूस दुखावलेला असतो. दोन मिनिटं ऐका आणि विचारा 'तुम्ही त्यांच्याशी बोललात का?' नाही म्हटलं तर 'मी येऊ का बरोबर?' हा प्रश्न विचारायची सवय लागली की तुमच्याकडे नुसत्या चहाड्या घेऊन येणारे लोक आपोआप कमी होतात, आणि खरोखर मदत हवी असणारे येत राहतात.

सगळंच दोघांत मिटवायचं असंही नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमकडची यहुदी माणसं आल्यावर मागे सरला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा तसाच वागायला लागला, तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर विचारलं (गलतीकरांस २). चूक उघड होती, इतर लोक तिच्यामागे जात होते, म्हणून बोलणंही उघड. पण तोंडावर, पाठीमागे नाही.

मोठ्यांशी मतभेद असेल तर काय, असं नवीन लोक फार विचारतात. पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या, रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. आणि त्याच आजीबाईंना त्यांनी १८८५च्या सुमारास पत्रातून स्पष्ट लिहिलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही, माझ्या सदसद्विवेकाला पटेल तेच मी मानणार. शिकवणुकीच्या मोठमोठ्या प्रश्नांवर दोघींचं पटलं नाही, पण रमाबाईंनी ते आजीबाईंनाच लिहिलं, आदराने लिहिलं आणि लपवून काही ठेवलं नाही. पाळकांचं एखादं प्रवचन पटलं नाही तर जाऊन म्हणा 'पाळकसाहेब, त्या वचनाचा तुम्ही जो अर्थ सांगितला तो मला नीट कळला नाही, माझ्या मनात असं असं येतंय'. चांगल्या पाळकाला याचा आनंदच होतो.

जिथे हे लागू नाही

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण मत्तय १८:१५ या वचनाचा फार वाईट वापर होतो. नवरा मारतोय, कुणी लैंगिक त्रास देतंय, मुलाशी काही घाणेरडं घडलंय, अशा ठिकाणी 'आधी त्याच्याशी एकांतात बोल', 'क्षमा कर', 'मंडळीचं नाव खराब होईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग तो कितीही मोठा पुढारी असो. ज्याच्यापासून जिवाला धोका आहे त्याच्यासमोर एकटीने जायला येशूने सांगितलेलं नाही. ११२ वर पोलीस, १८१ वर महिलांसाठी मदत, १०९८ वर मुलांसाठी मदत मिळते. आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मंडळीत मिटवून घेतलं म्हणून तो संपत नाही. इथे खरं बोलणं हेच प्रेम आहे, त्या लेकराचा आधी विचार करा.

प्रार्थना विनंतीच्या नावाखाली

'सिस्टर, अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, जास्त काही सांगत नाही पण मुलगा आपल्यातला नाहीये.' झालं, रात्रीपर्यंत सगळ्यांना माहीत. मला याचा राग येतो, खरंच येतो, कारण प्रार्थनेसारखी पवित्र गोष्ट वापरून त्या घराची अब्रू चव्हाट्यावर येते आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण सेवा केली.

नियम साधा ठेवा. दुसऱ्याची विनंती ग्रुपवर किंवा सभेत सांगायची असेल तर आधी त्याला विचारायचं, 'हे मी सांगितलं तर चालेल का, आणि किती सांगू?' तो नाही म्हणाला तर तुम्ही एकटे प्रार्थना करा, देवाला पत्ता आणि तपशील लागत नाही. फार झालं तर 'एका कुटुंबासाठी प्रार्थना करूया' एवढंच, आणि कुणी खोदून विचारलं तर 'मला सांगता येणार नाही'. कुणाचा आजार, कुणाची नोकरी, कुणाचा घटस्फोट, हे त्या माणसाचं आहे, आपलं नाही.

साक्ष देताना

तुम्हाला लवकरच पुढे बोलवतील, साक्ष द्या म्हणतील, म्हणजे देवाने तुमच्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांना सांगा. तिथे मोह होतो. आधीचं आयुष्य होतं त्याहून काळं रंगवायचा आणि आत्ताचं आहे त्याहून उजळ. डॉक्टरांनी 'बघूया' म्हटलं होतं ते साक्षीत 'डॉक्टरांनी हात टेकले' होतं. देवाला आपल्या वाढवून सांगण्याची गरज नाही. जे घडलं ते, जेवढं घडलं तेवढं. औषध चालू असेल तर चालू आहे म्हणा, ऐकणाऱ्यांत एखादा शुगरचा पेशंट असतो, तो तुमचं ऐकून गोळ्या बंद करेल. दारू सुटली पण अजून इच्छा होते, तर तेही सांगा, त्या हॉलमध्ये मागे बसलेल्या कुणाला तरी नेमकं तेच ऐकायचं असतं.

तसंच 'प्रभूने मला सांगितलं' हे वाक्य जपून वापरा. 'मला असं वाटतं' म्हणायचं असेल तिथे तेच म्हणा. देवाचं नाव पुढे केलं की समोरच्याला उत्तर देताच येत नाही, आणि ते त्याच्यावर अन्यायाचं असतं, विशेषतः लग्न, नोकरी, पैसा अशा गोष्टींत.

माफी

'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नाही. माफीत काय केलं ते नाव घेऊन सांगायचं असतं, 'मी तुझ्याबद्दल ग्रुपवर जे लिहिलं ते चुकीचं होतं, खात्री न करता लिहिलं, मला माफ कर'. 'पण' आला की थांबा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं येशू म्हणतो (मत्तय ५:२३-२४), म्हणजे प्रभूभोजनाच्या रविवारची वाट न बघता त्याआधीच हे उरकावं. आणि जिथे बिघडवलं तिथेच दुरुस्त करायचं. साठ जणांच्या ग्रुपवर चुकीचं पसरवलं आणि माफी पर्सनलवर मागितली तर हिशोब पुरा होत नाही, ज्या ग्रुपवर पसरवलं तिथेच लिहा. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर चौपट परत करतो म्हणाला होता, आपण निदान तेवढंच तरी परत करू.

समोरच्याने लगेच माफ केलं नाही तर मागे लागू नका. त्याला वेळ लागतो.

अरे-तुरे

थोडक्यात सांगते. याकोबाच्या २ऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की 'इथे चांगल्या जागी बसा' आणि मळक्या कपड्यातला आला की 'तू तिथे उभा राहा', असा प्रसंग आहे. आपल्या मराठीत हा भेद दर वाक्यात करता येतो. चर्चचा झाडूवाला, रिक्षावाला, वयाने तुमच्या वडिलांएवढा वॉचमन, यांना सरसकट अरे-तुरे आणि गाडीतून येणाऱ्या कमिटी मेंबरला अहो-जाहो. ज्यांना आयुष्यभर जातीमुळे अरे-तुरे ऐकावं लागलं अशा घरांतून आपल्या कितीतरी मंडळ्या उभ्या राहिल्या आहेत, हे तरी आठवायला हवं. 'काका, जरा सरकता का' म्हणायला काही जात नाही.

दुःखाच्या घरी

कमी बोला. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. 'देवाची इच्छा', 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात', 'विश्वास कमी पडला असेल', यातलं काहीच बोलू नका, शेवटचं तर कधीच नको. 'काय बोलावं सुचत नाहीये, मी इथेच आहे' हे खरंही आहे आणि मायेचंही. आपला मेलेला मित्र लाजर परत उठणार हे माहीत असून येशू रडला. चहा करा, भांडी घासा, आणि महिन्याभराने जेव्हा सगळे यायचे बंद होतात तेव्हा एक फोन करा.

घरचे लोक, जे विश्वासात नाहीत

घरातून तुम्ही एकटेच ख्रिस्ताकडे आलेले असाल तर हा भाग तुमच्यासाठी. इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे लपवाछपवी, रविवारी 'मैत्रिणीकडे जातेय' सांगून चर्चला येणं. काही जणांच्या घरी खरंच मारहाणीची भीती असते, त्यांच्यावर मी काही लादणार नाही, त्यांनी विश्वासातल्या कुणा अनुभवी माणसाशी बोलून, आधी सुरक्षित कसं राहता येईल ते बघून ठरवावं. पण नुसतं अवघड वाटतं म्हणून वर्षानुवर्षं खोटं चाललं असेल, तर जेव्हा कळतं तेव्हा घरच्यांना धर्मापेक्षा फसवलं गेल्याचं दुःख जास्त होतं. आईवडिलांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

दुसरी चूक याच्या उलट, घरात जाऊन त्यांच्या देवांबद्दल, पूजेबद्दल वेडंवाकडं बोलणं. हे करू नका. पौलाचंच बघा. इफिसमध्ये अर्तमी देवीचं जगप्रसिद्ध देऊळ होतं, पौलाच्या शिकवणीमुळे चांदीचे देव्हारे करणाऱ्यांचा धंदा बसायला लागला आणि दंगल उसळली, लोक नाट्यगृहात दोन तास देवीच्या नावाने ओरडत होते. तेव्हा शहराचा अधिकारी उभा राहून पौलाच्या साथीदारांबद्दल काय म्हणाला, की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रेषितांची कृत्ये १९:३७). पौल तिथे दोन वर्षांहून जास्त राहून उघडपणे शिकवत होता, त्याने काही लपवलं नव्हतं, तरीही विरोधातल्या माणसाला हे सांगता आलं. तुमच्या सासरी, तुमच्या भावकीत तुमच्याबद्दल असं सांगता यावं, तिने आपला विश्वास लपवला नाही पण आमचा अपमानही कधी केला नाही.

प्रसंग येतातच. सणाला आरतीला उभं राहायला सांगतील, प्रसाद पुढे करतील. काय करायचं यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही, ते तुम्ही पाळकांशी बोलून आधीच ठरवा, म्हणजे ऐनवेळी तोंडाला येईल ते बोललं जाणार नाही. जे ठरवाल ते हळू आवाजात, सगळे जमण्याआधी आईला बाजूला घेऊन सांगा. 'आई, मी आरतीला उभी राहणार नाही, पण सकाळपासून स्वयंपाकाला आहे तुझ्याबरोबर, पुरणपोळ्या मी लाटते.' आणि मग खरंच लाटा, तोंड पाडून नाही.

वाद घालायला कुणी आलं, काका असतील, ऑफिसातले असतील, 'किती पैसे मिळाले धर्म बदलायला' असं टोचून विचारतील. १ पेत्र ३:१५ मध्ये सांगितलंय की आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. 'पैसे नाही मिळाले काका. येशूबद्दल वाचलं, प्रार्थना करायला लागले, मला शांती मिळाली, म्हणून जाते. तुम्हाला कधी सविस्तर ऐकायचं असेल तर सांगेन.' यापुढे ताणू नका. आणि अवघड प्रश्न विचारला, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, दुःख का आहे, इतर धर्मांचं काय, तर येत नसेल तर 'मला आत्ता नीट सांगता येणार नाही, विचारून सांगते' म्हणा. मग त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना विचारा, वहीत लिहून घ्या, आणि काकांना फोन करून जे कळलं ते सांगा, त्यांना आता त्यात रस उरला नसेल तरीसुद्धा, कारण सांगते म्हणाला होतात.